नाव विचारायचं राहून गेलं

थोरामोठ्यांच्या चरित्रांच्या या विभागासाठी मी डोरोथिया लँग यांना निवडलं. मी सॉफ्टवेअरवाली, छायाचित्रणाशी माझा तसा संबंध नाही. पण मुलगी छायापत्रकारिता शिकायला लागली आणि तिच्या पुस्तकांतून या बाई आमच्या घरी आल्या.

लँग यांचा जन्म १८९५ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होबोकनला झाला. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. बारा वर्षांच्या असताना वडील घर सोडून गेले. पुढे त्यांनी वडिलांचं आडनाव टाकून आईचं माहेरचं आडनाव लावलं. शाळा संपली तेव्हा त्यांच्याकडे साधा कॅमेराही नव्हता, पण आपण छायाचित्रकार व्हायचं हे त्यांचं ठरलं होतं. न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओंत पडेल ते काम करत त्या शिकल्या. कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्या वर्गातही बसल्या.

१९१८ साली मैत्रिणीबरोबर जगप्रवासाला निघाल्या, पण सॅन फ्रान्सिस्कोत पैसे चोरीला गेले आणि तिथेच राहावं लागलं. वर्षभरात त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. श्रीमंत घरांतली माणसं फोटो काढून घ्यायला येत. मग महामंदी आली. स्टुडिओच्या खिडकीतून रस्त्यावरचे बेकार दिसत. एक दिवस त्या कॅमेरा घेऊन खाली उतरल्या आणि फुकट अन्नासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे फोटो काढून आल्या.

खरं शिक्षण इथून पुढचं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक पॉल टेलर शेतमजुरांच्या मुलाखती घेत. १९३५ पासून लँग त्यांच्याबरोबर फिरू लागल्या, त्याच वर्षी दोघांनी लग्नही केलं. गेल्या गेल्या कॅमेरा रोखायचा नाही, हे त्यांनी अंगी बाणवलं. आधी प्यायला पाणी मागायचं आणि ते सावकाश प्यायचं. पोरांना कॅमेरा हाताळू द्यायचा. कुठून आलात, मजुरी किती मिळते, हे विचारायचं आणि गाडीत परतल्यावर लोकांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. पाय ओढत चालणारी बाई पाहून गरिबांना ती आपल्यातलीच वाटे, असं त्या मानत.

हे सगळं येत असूनही १९३६ च्या मार्चमध्ये एक गोष्ट राहिली. महिनाभराच्या दौऱ्याहून त्या पावसात घरी परतत होत्या. कॅलिफोर्नियात निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या पुढे निघून गेल्या, पण मन राहवेना म्हणून कितीतरी मैलांवरून गाडी वळवली. तंबूत एक आई लेकरांना घेऊन बसली होती. काही मिनिटांत मोजके फोटो काढून लँग निघाल्या. त्यांनी वय विचारलं, नाव विचारलं नाही. फोटो वर्तमानपत्रात आले आणि सरकारने तळावर सुमारे २०,००० पौंड अन्न पाठवलं. तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो चेहरा जगभर गेला.

१९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्याचे फोटोही लँग यांनी काढले. सरकारनेच काम दिलं होतं, तरी लष्कराने युद्ध संपेपर्यंत ते दाबून ठेवले. १९६५ साली लँग कर्करोगाने गेल्या. निपोमोची ती आई, फ्लॉरेन्स थॉम्प्सन, १९७८ मध्ये एका बातमीदाराला सापडली. तिच्या चेहऱ्याने तळाला अन्न मिळवून दिलं होतं, तिला मात्र एक पैसाही मिळाला नव्हता. तो फोटो काढलाच नसता तर बरं, असं तिला वाटत होतं.

एवढ्या मोठ्या बाईच्या हातून नाव विचारायचं राहतं, तर आपलं काय! मित्रमैत्रिणींनो, या स्मरणिकेत वर्गाचे जुने फोटो आहेत. बाई, सर, मुलं, सगळ्यांची नावं खाली आहेत. कडेला उभ्या असलेल्या शिपाईमामांच्या आणि पाणी देणाऱ्या मावशींच्या खाली मात्र जागा कोरी आहे. ज्यांना त्यांची पूर्ण नावं आठवत असतील, त्यांनी स्नेहमेळाव्याच्या दिवशी ती समितीकडे जरूर लिहून द्यावीत.