सलीम अलींच्या नावाचा कस्तुर

ताप मलेरियाचा की डेंग्यूचा, हे नुसते पाहून कळत नाही. रक्त तपासावे लागते. पक्ष्यांचेही तसेच आहे. डॉ. सलीम अलींच्या आयुष्याचा धागा धरला, की हे नीट उमगते. आपल्या लासलगावजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही ओळख त्यांच्यामुळेच मिळाली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले पेंढा भरून जपलेले पक्षी पाहिले आणि आयुष्याची वाट ठरली. परीक्षा देऊन मिळवलेली पदवी त्यांच्याकडे नव्हती. बर्लिनला शिकून १९३० मध्ये परतले, तर हातची नोकरी गेलेली. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नराने अर्धवट विणलेले घरटे मादी पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते, हे त्यांनी टिपले. पुढे देशभर फिरून पक्ष्यांचे नमुने जमवले. प्रत्येक नमुन्याला ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी असे. आमच्या भाषेत केसपेपरच. २० जून १९८७ रोजी ते गेले.

२००९ मध्ये अरुणाचल प्रदेशात पेर आल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांना जाणवले, की एकाच जातीचे मानलेले कस्तुर जंगलात गोड गातात, पण वर खडकाळ उतारावर त्यांचा सूर खरखरीत असतो. संग्रहालयांतले जुने नमुने मोजले, डीएनए वाचला, तेव्हा दोन्ही लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाल्याचे दिसले. २०१६ मध्ये जंगलातल्या कस्तुराला सलीम अलींचे नाव मिळाले.

याचा संवर्धनाशी संबंध काय? दोन जाती एकच समजल्या, तर एकीची घट दुसरीच्या संख्येत झाकली जाते. निदान चुकले, की उपचारही चुकतात. संपूर्ण जनुकसंच वाचला, तर उरलेल्या पक्ष्यांत जवळच्या नात्यातली पैदास वाढली आहे का, हेही कळते. शंभर वर्षे जुन्या नमुन्याच्या तळपायातल्या कणभर पेशीही त्यासाठी उपयोगी पडतात; मात्र चिठ्ठी शाबूत हवी.

या हिवाळ्यात मध्यमेश्वरला जाल, तेव्हा दिसलेला पक्षी, तारीख आणि जागा वहीत जरूर लिहा.