साष्टी बेटावरील पक्षिमित्र : डॉक्टर सलीम अली

आपले ठाणे शहर एका बेटावर वसलेले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांनी वेढलेले साष्टी हे ते बेट होय. कल्याण-डोंबिवलीकडून येणारे आमचे बंधू खाडीवरील पूल ओलांडतात, तेव्हाच त्यांचे पाऊल या बेटावर पडते. याच बेटावर ज्यांनी बालपणीच्या सुट्ट्या घालविल्या, आणि ज्यांना रानावनातील भटकंतीचा छंद पुढे जन्मभर पुरला, त्या डॉक्टर सलीम अली यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. ते एक वर्षाचे असता पिता वारले व तीन वर्षांचे असता मातोश्रीही निवर्तल्या. खेतवाडीत राहणारे त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांचा सांभाळ केला. सुट्टी लागली की हे कुटुंब साष्टीतील चेंबूर येथे राहावयास जाई. आज जेथे घरांची दाटी आहे, तेथे त्या काळी रान होते. पहाटे दयाळ पक्ष्याचे गाणे ऐकावे आणि दिवसभर मनसोक्त हिंडावे, हा तेथील क्रम असे.

बालवयात छर्‍याच्या बंदुकीने पाखरे टिपण्याचा त्यांना नाद होता. एके दिवशी त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेबांकडे पाठविले. साहेबांनी पक्षी ओळखला; इतकेच नव्हे तर पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रहही मोठ्या प्रेमाने दाखविला. मारावयास निघालेला मुलगा त्या दिवसापासून पाहावयास शिकू लागला.

सलीम अली शाळेत हुशार म्हणून गणले जात होते, असे मात्र कोणी समजू नये. डोकेदुखीने त्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले, आणि १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाले. नंतर ते ब्रह्मदेशात व्यवसायासाठी गेले. पण तेथेही त्यांचे मन रानातच रमले. मुंबईस परतल्यावर त्यांचा खरा ओढा सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी ओळखला व त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. पुढे विद्यापीठाची पदवी नाही या कारणास्तव एक मोठी सरकारी जागा त्यांच्या हातून गेली. वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शकाची नोकरी मिळाली, तीही १९३० साली पैशाच्या अभावी बंद झाली.

अशा विपन्नावस्थेत त्यांनी पत्नी तेहमिना यांच्यासह मुंबईसमोरील खाडी ओलांडून अलिबागेजवळील किहीम गावी बिऱ्हाड केले. पावसाळा सुरू झाला, आणि सुगरण पक्ष्यांची घरटी झाडांवर लोंबू लागली. दुसरे काही काम नसल्यामुळे सलीम अली त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत बसत. आपल्या भाषेने या पक्ष्यास स्त्रीलिंगी नाव दिले आहे. पण घरटे विणतो तो नर! अर्धे घरटे झाले की मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर तेथे संसार मांडते. आणि नर उरलेले काम पुरे करून दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो. हा शोध प्रसिद्ध होताच अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. नोकरी नसलेल्या एका पावसाळ्याने त्यांना जे दिले, ते एखाद्या नोकरीने दिले असते की नाही, याची आम्हांस शंका वाटते.

त्यानंतर ऋतू कोणताही असो, त्यांची पावले बाहेरच वळत. अनेक संस्थानांतील पक्ष्यांची त्यांनी पाहणी केली. तंबूतील या कष्टमय जीवनात तेहमिनाबाई त्यांच्या सोबतीस असत. १९३९ साली त्या निवर्तल्या, तेव्हा सलीम अलींस अतिशय दुःख झाले. तरीही काम थांबले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले, आणि सामान्य माणसास पक्षी ओळखता येऊ लागले. १९४५ साली रोहित पक्ष्यांची वसाहत पाहण्यास ते कच्छच्या रणात गेले. मोटारसायकलीचे तर त्यांना वेडच होते. १९५० साली स्वीडनमधील पक्षिशास्त्रज्ञांच्या परिषदेस ते आपली मोटारसायकल घेऊन गेले! १९७६ साली त्यांस पद्मविभूषण हा सन्मान लाभला. त्याच सुमारास मिळालेल्या मोठ्या पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कार्यास दिली. २० जून १९८७ रोजी, नव्वद वर्षांचे असता, त्यांचे देहावसान झाले.

ज्या रोहित पक्ष्यांसाठी सलीम अली कच्छपर्यंत गेले, ते त्यांच्या मृत्यूनंतरच्या काळात आपल्या ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरू लागले. २०१५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले, व २०२२ साली या पाणथळ भूमीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली. विद्यार्थिमित्रहो, हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभे राहा. चिखलात चोच खुपसणारे तुतवार दिसतील. शिशिर संपता संपता येऊरच्या डोंगरात पळस, पांगारा व काटेसावर फुलतात, तेव्हा तेथे साळुंक्या व शिंजीर यांची गर्दी उसळते. पावसाळ्यात कल्याणपलीकडील शेतांच्या कडेस एखादे सुगरणीचे घरटे शोधा. यास पैसा लागत नाही, की परीक्षेतील पहिला क्रमांकही लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि स्वस्थ उभे राहण्याचा धीर, एवढे भांडवल पुरे आहे. सलीम अलींनी आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापाशी तरी याहून अधिक काय होते?