व्हिव्हियन थॉमस यांचे चरित्र

जन्मापासून ओठ व नखे निळी दिसणारे मूल आमच्या खेड्यापाड्यांत कधीकधी दृष्टीस पडते. कोणी त्यास ग्रहणाचा दोष म्हणतात, कोणी दैवावर हवाला ठेवून स्वस्थ बसतात. वास्तविक पुष्कळदा तो हृदयाच्या घडणीतील दोष असतो, आणि त्यावर उपाय आहे. ज्यांच्या हातांनी हा उपाय प्रथम सिद्ध झाला, त्यांचे वृत्त आम्ही वाचकांस सादर करितो.

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म १९१० साली अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात एका कृष्णवर्णीय सुताराच्या घरी झाला. त्यांनी पित्यापाशी सुतारकाम शिकून डॉक्टर होण्यासाठी पैसा साठविला. परंतु १९२९ सालच्या आर्थिक अरिष्टानंतर पेढी बुडाली व सर्व पुंजी गेली. १९३० साली नॅशव्हिल येथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते नोकरीस लागले. काम शस्त्रक्रियेच्या प्रयोगांचे, पण दप्तरी नोंद व वेतन झाडलोट करणाऱ्या नोकराचे! पुढे १९४१ साली ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले, तेव्हा थॉमसही त्यांच्याबरोबर गेले.

तेथे डॉ. हेलन टॉसिग या बाई मुलांच्या हृदयरोगांवर उपचार करीत. निळी मुले डोळ्यांदेखत मरताना पाहून त्यांनी ब्लॅलॉक यांस उपाय शोधण्याची विनंती केली. अशा मुलांच्या फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असल्याने पुरेसे रक्त तेथे शुद्ध होत नाही. पाटाचे तोंड बुजले असता शेतकरी शेजारच्या चारीतून पाणी वळवितो. त्याप्रमाणे हाताकडे जाणारी एक रक्तवाहिनी फुप्फुसांच्या वाहिनीस जोडण्याची युक्ती ठरली. थॉमस यांनी सुमारे दोन वर्षे कुत्र्यांवर प्रयोग करून ती साध्य केली, आणि लहान मुलांजोगी हत्यारेही सिद्ध केली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. सुरी ब्लॅलॉक यांच्या हाती होती. थॉमस मागे एका चौरंगावर उभे राहून टाक्या-टाक्यास सूचना देत होते. मुलगी सुधारली, परंतु काही महिन्यांनी दुखणे उलटले व दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती दगावली. तथापि काम थांबले नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत एका सहा वर्षांच्या मुलाचे निळे ओठ शस्त्रक्रियेच्या मेजावरच लाल झाले. मग दूरदूरचे आईबाप मुले घेऊन येऊ लागले.

त्याच वर्षी या शोधाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात ब्लॅलॉक व टॉसिग यांची नावे होती. थॉमस यांचे कोठेच नव्हते. तरीही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही; कित्येक तरुण शस्त्रवैद्य त्यांच्या हाताखाली शिकून नावारूपास आले. अखेर १९७१ साली त्यांचे चित्र संस्थेस अर्पण करण्यात आले, व १९७६ साली त्यांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी मिळाली. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी ते मृत्यू पावले. आता पुष्कळ ठिकाणी त्या शस्त्रक्रियेस तिघांचीही नावे देतात.

आज काही दिवसांच्या बालकांच्या हृदयावरही शस्त्रक्रिया होते. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची अदलाबदल झालेली बालके पूर्वी बहुधा वर्षाच्या आत मरत. आता चांगल्या रुग्णालयात वेळीच उपचार झाल्यास दहांपैकी नवांहून अधिक वाचतात. मात्र दोष लवकर ओळखला पाहिजे. यास्तव २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत येऊन मुले तपासते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील आयांसही हे कळविले पाहिजे. बालकाची जीभ वा हिरड्या निळ्या दिसत असतील, किंवा अंगावर पिताना त्यास दम लागून घाम फुटत असेल, तर पथकाची वाट न पाहता त्याच दिवशी त्यास सरकारी दवाखान्यात न्यावे.