तुकोबांनी मन कसे सांभाळले

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. देहूस नांदुरकीच्या वृक्षाखाली भर दुपारी सहस्रावधी वारकरी उभे राहतील, बारा वाजता पुष्पवृष्टी होईल आणि शके १५७१ मधील त्या वैकुंठगमनाचे स्मरण करून मंडळी आपापल्या गावी परततील. घरोघरी गाथेचे पूजन होईल, सायंकाळी भजन होईल. या पर्वणीस आम्ही वाचकांपुढे तुकोबांच्या चरित्राचा असा भाग ठेवू इच्छितो, की जो चमत्कारांच्या तेजात बहुधा दिसेनासा होतो. दुःखाने मोडून पडलेले स्वतःचे मन या पुरुषाने पुन्हा कसे उभे केले, तो हा भाग.

हे सांगण्यास कारणही आहे. कीर्तन आटोपून आम्ही वीणा खाली ठेवली की चार मंडळी भेटावयास येतात. पूर्वी ती व्रताचे, मुहूर्ताचे, पारायणाचे विचारीत. अलीकडे विशी-पंचविशीतली मुलेही हळूच जवळ येऊन सांगतात, की रात्र रात्र झोप नाही, एकच विचार डोक्यात घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. त्यांस तुकोबांची ही वर्षे ठाऊक असावीत असे आम्हांस फार वाटते.

देहूचे मोरे घराणे खाऊनपिऊन सुखी होते. महाजनकी, दुकानदारी, सावकारी आणि पिढीजात पंढरीची वारी, असे ते घर. पूर्वज विश्वंभरबुवांनी गावात विठ्ठलाचे देऊळ उभारलेले. बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी सर्वमान्य गणनेप्रमाणे १६०८ साली तुकोबा जन्मले. थोरले बंधू सावजी पहिल्यापासून विरक्त, धाकटे कान्होबा लहान. त्यामुळे कोवळ्या वयातच तराजू आणि वही तुकोबांच्या हाती आली. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई घरात आली. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत या घरास दुःख ठाऊक नव्हते.

मग ते आले आणि एकटे आले नाही. आई-वडील गेले. भावजय गेली, तिच्यामागे सावजी तीर्थयात्रेस म्हणून निघून गेले. व्यापारास उतरती कळा लागली. त्यातच १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला. दख्खनेत माणसे अन्नावाचून तडफडत होती, गावेच्या गावे ओस पडत होती. ज्या घरातून गावास धान्य मोजून दिले जाई, त्या घरातली रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. पाठोपाठ पुत्र संतूही गेला. दिवाळे निघाले, पत गेली. तुकोबांचे वय तेव्हा अवघे एकवीस-बावीस. पुढे संतमंडळींच्या आग्रहावरून आत्मवृत्त सांगताना तुकोबांनी या काळातले दुःख झाकलेले नाही, तशी लाजही झाकलेली नाही. आम्हांस वाटते, शोकापेक्षा ही लाज मनाला अधिक पोखरते. शोक करणाऱ्याजवळ चार माणसे येऊन बसतात. लाजणारा मनुष्य दार लावून घेतो.

अशा अवस्थेत ते भामचंद्राच्या डोंगरावर गेले. पंधरा दिवस ते तेथे होते, असे परंपरा सांगते. कान्होबा शोधीत शोधीत पोहोचले आणि दोघे भाऊ इंद्रायणीच्या तीरी परतले. त्यानंतर जे घडले ते वरवर लहान दिसते, परंतु पुढील सारे चरित्र त्यावर उभे आहे. तुकोबांनी घरातली कर्जखते मागविली, त्यांचे दोन भाग केले, धाकट्या भावाचा भाग त्याच्या हाती दिला आणि आपला भाग नदीत सोडला.

येथे थोडे थांबावयास हवे. दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडे ते पैसे अडकलेले होते. जोवर कागद घरात, तोवर रोज सकाळी एक विचार ठरलेला, की अमक्याकडून इतके येणे आहे. तो विचार मग दिवसभर दुसऱ्या शंभरांना बोलावून आणणार. तुकोबांनी विचारांशी झुंज घेण्याआधी त्यांचे सरपण काढून घेतले. शिवाय वैराग्य आपल्या वाट्यापुरतेच ठेवले. भावाच्या संसारावर ते लादले नाही. हा विवेक फार थोड्या विरक्तांजवळ आढळतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की हे मन वाऱ्यासारखे आहे, ते बांधावे कसे? भगवंत त्याची तक्रार खोटी ठरवीत नाहीत. मन आवरण्यास कठीण आहे हे मान्य करून ते अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगतात. पतंजलींनीही हीच जोडी सांगितली आणि वर अट घातली, की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने व्हावा. या विषयावर संस्कृतात भाष्यांचे डोंगर आहेत. पण वैराग्य म्हणजे काय ते पाहावयाचे तर इंद्रायणीत सोडलेले ते कागद पाहावेत, आणि अभ्यास म्हणजे काय ते पाहावयाचे तर तुकोबांची पुढची काही वर्षे पाहावीत.

पहिले काम त्यांनी हाती घेतले ते पडक्या देवळाच्या डागडुजीचे. दगडमाती स्वतः वाहिली असे चरित्रकार सांगतात. मन ठिकाणावर नसताना हात आणि पाठ यांना काम मिळाले. देऊळ उभे राहिले तसे एकादशीचे कीर्तन सुरू झाले. आणि तुकोबा सरळ कबूल करतात, की आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते. ज्यांचा नामघोष आज तीनशे पंचाहत्तर वर्षे चालला आहे, त्यांचे चित्त लागत नव्हते! यावर त्यांनी केले काय? संतांची काही वचने आदराने पाठ केली आणि पुढे उभे राहून गाणाऱ्याच्या मागे ते ध्रुपद धरू लागले.

कीर्तनात मागे उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही व्यवसायामुळे थोडे सांगू शकतो. बुवा कोठे थांबेल, कोणत्या मात्रेवर ध्रुपद टाकावयाचे, हे मागच्यास आधी कळत नाही. त्याने अखंड ऐकत राहिले पाहिजे. मन घरच्या काळजीकडे क्षणभर गेले की ध्रुपद चुकते आणि टाळाचा मेळ बिघडून साऱ्या सभेस ते कळते. भरकटणाऱ्या मनास पाच-पन्नास माणसांच्या संगतीत, तालाच्या दोरीने, अपमान न करता वारंवार परत आणणारी याहून सोपी शाळा आम्हांस ठाऊक नाही. एकट्याने डोळे मिटून बसणे दुःखी मनुष्यास प्रथम जमत नाही. तेथे दुःखच समोर येऊन बसते.

पाठांतराचेही तसेच. पतंजलींचा एक उपाय असा, की पीडा देणारा विचार उठला म्हणजे त्याच्या उलट विचार जाणूनबुजून मनात आणावा. पण मध्यरात्री, अंधारात, तो उलट विचार आणावयाचा कोठून? ज्याच्या कोठारात काही भरलेले आहे त्यासच तो सापडणार. तुकोबा वाणीच होते. टंचाईच्या आधी कोठार भरावे लागते हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. भंडारा डोंगरावर ज्ञानोबांची, नामदेवांची, एकनाथांची वाणी त्यांनी घोकली ती अशी. पुढे बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीस गुरुवारी स्वप्नात उपदेश केला, नामदेवरायांनी स्वप्नात येऊन कवित्व करावयास सांगितले, हे सर्वश्रुत आहे. ती कृपा खरीच. पण तिच्या आधी ही मशागत झालेली होती.

याच काळात त्यांनी देह परोपकारी झिजविला. थकल्याभागल्याचे ओझे वाहावे, म्हाताऱ्यांचे जिन्नस बाजारातून आणून द्यावेत, अशा कथा महिपतीबुवांनी आवडीने सांगितल्या आहेत. लोक हसत. लोकांच्या हसण्याचे काय करावे, याचाही निर्णय तुकोबांनी तेव्हाच केला. खऱ्याखोट्यास साक्षी आपले मन, बहुमत नव्हे. ज्या मनाने छळले त्याच मनास साक्षीदाराच्या आसनावर बसविण्याइतके त्यांनी ते स्वच्छ केले होते.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. जिजाईस कर्कशा ठरवून सभेस हसविण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस रुचत नाही. भाकरी बांधून भंडारा डोंगर चढणारी आणि उपाशी लेकरांस धरून घर राखणारी ती होती. तुकोबांस मन सांभाळावयास जी उसंत मिळाली, तिची किंमत काही अंशी या माउलीने मोजली.

मन एकदा ताब्यात आले म्हणजे कायमचे आले, असे मात्र समजू नये. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, की शूद्राने प्राकृतात वेदार्थ बोलू नये. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी कर्जखते ज्या नदीत सोडली, त्याच नदीत आता आयुष्याचे धन गेले. कर्जखते सोडताना जो मनुष्य हलका झाला, तो या वेळी घायाळ झाला. महाद्वारातील शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस ते डोळे मिटून पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या. गाव आनंदले, निंदकांची तोंडे बंद झाली.

आणि तुकोबा? त्या प्रसंगीचे त्यांचे अभंग गाथेत आहेत, वाचकांनी आज ते अवश्य काढून वाचावेत. त्यांत विजयाचा स्वर नाही. ते देवाची क्षमा मागतात. लोकांच्या बोलण्यासाठी आपण आपले चित्त क्षुब्ध होऊ दिले, देवाचा अंत पाहिला, त्यास पाण्यात वह्या राखीत उभे केले, याची त्यांस खंत वाटते. निंदा खोटी ठरली तरी तिने आपणांस इतके हलविले कसे, हा त्यांचा प्रश्न आहे. सारे जग रामेश्वरभट्टांचा हिशेब करीत असताना हा वाणी स्वतःच्या मनाची वही उघडून बसला होता. आमच्या मते गाथेतील मनोविज्ञान येथे शिखरास पोहोचते.

मंबाजी गोसाव्याची कथा लहान मुलांसही येते. म्हैस बागेत शिरल्याचे निमित्त, प्रदक्षिणेच्या वाटेवर घातलेल्या काट्या, त्या दूर करणाऱ्या तुकोबांस त्याच काट्यांनी झालेली मारहाण. आणि रात्री मंबाजी कीर्तनास दिसले नाहीत म्हणून तुकोबांनी स्वतः त्यांच्याकडे जाऊन त्यांचे पाय चेपणे. पण या मारावरचे तुकोबांचे बोलणे फारसे कोणी पाहत नाही. अंगास काटे बोचले हे ते देवास रोकठोक सांगतात, आणि लगेच आभार मानतात ते क्रोधाच्या हातून सोडविल्याबद्दल. वेदना नाकारलेली नाही. वेदनेमागून क्रोध येणार होता, तो आला नाही, एवढेच त्यांनी मोजले. स्तुतीचा मारही त्यांनी असाच सोसला. शिवरायांनी पाठविलेला नजराणा त्यांनी परत केला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या श्रोत्यांत कोणी असे असतील, की ज्यांचे मन खरोखर आजारी पडले आहे, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मनाच्या वैद्याकडे जाण्यास संकोच करू नये. भक्तीस त्याने उणेपणा येत नाही. औषध घेतानाही टाळ हातात धरता येतो.

गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. त्यांत तुकोबा आपल्या मनाशी किती प्रकारे बोलतात हे मोजू गेल्यास दिवस पुरणार नाही. ते त्यास विनवतात, दटावतात, लेकरासारखे समजावतात, कधी त्याच्यापुढे हात टेकून देवाकडे त्याचीच फिर्याद नेतात. आत आणि बाहेर रात्रंदिवस लढाई चालू आहे असे सांगणारा हाच महात्मा मन प्रसन्न ठेवण्यास सर्व सिद्धींचे मूळ मानतो.

रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांस शरण आले. आज सायंकाळी घरोघरी भजनानंतर तुकोबांची जी आरती म्हटली जाईल, ती त्यांचीच रचना. पाण्यात अभंग राखले गेल्याची गोष्ट त्यांनी तिच्यात स्वतःच घातली आहे आणि शेवटी आपले नाव घालून तुकोबांच्या चरणी मस्तक ठेविले आहे.