पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

फर्दापूर हे अजिंठ्याच्या लेण्यांजवळचे गाव. १९३१ साली ते हैदराबाद संस्थानाच्या वायव्य सीमेवर होते. तेथून पार कृष्णाकाठच्या अरण्यांपर्यंत संस्थानाचा मुलूख पसरला होता. या विस्तीर्ण प्रदेशात कोणते पक्षी कोठे राहतात, याची पद्धतशीर पाहणी तोवर झाली नव्हती. ते काम नोकरी गमावलेल्या एका गृहस्थाने विनावेतन अंगावर घेतले. त्यांचे नाव सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे मामांनी त्यांना वाढविले. एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणत्या जातीची, हे मामांना सांगता येईना. म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी त्याला जतन करून ठेवलेले शेकडो पक्षी दाखविले. त्या दिवसापासून त्या मुलाला पक्ष्यांचा छंद जडला.

पुढे त्यांनी ब्रह्मदेशात व्यापार केला, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी केली आणि १९२९ साली जर्मनीस जाऊन पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. ते परत आले तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. तरी ते खचले नाहीत. अलिबागजवळच्या किहीम गावी राहून ते सुगरण पक्ष्याची घरटी तासन् तास न्याहाळू लागले. नर घरटे अर्धवट विणतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे विणावयास घेतो, हे त्यांनी चिकाटीने टिपून ठेवले.

अशा स्थितीत त्यांनी सोसायटीला कळविले, की खर्चाची सोय झाल्यास आपण पगाराशिवाय हैदराबादची पाहणी करू. रानोमाळ तंबू पडू लागले. छावणीची व्यवस्था पत्नी तेहमीना पाहत. त्या काळी जातीची खात्री करण्यासाठी काही पक्षी मारावे लागत. उन्हाने मांस नासण्यापूर्वी कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधावी लागे. चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि नर की मादी, हे लिहीत. ही चिठ्ठी नसेल तर सुंदरातला सुंदर पक्षीही अभ्यासाला निरुपयोगी ठरे. कितीही थकवा आला, तरी हे काम दुसऱ्या दिवसावर टाकता येत नसे.

या पाहणीचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नंतर त्यांनी त्रावणकोर-कोचीन आणि इतर प्रांतांतही अशाच पाहण्या केल्या. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी १० खंडांचा ग्रंथही सिद्ध केला. १९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

एखाद्या रानातून कोणता पक्षी नाहीसा झाला, हे कळण्यासाठी तो पूर्वी तेथे होता याचा पुरावा लागतो. तंबूत बसून लिहिलेल्या त्या लहानशा चिठ्ठ्या हाच तो पुरावा होय.