शब्दांची अमानत : इमाम अबू हनीफा (रह.) यांचा व्यापार

इमामे आजम अबू हनीफा (रह.) यांचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. नमाज, रोजा, जकात यांविषयीच्या त्यांच्या मसलकावर आपल्या नाशिक जिल्ह्यातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे चालतात. मात्र हे थोर फकीह कापडाचे व्यापारीही होते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? मालेगावात यंत्रमाग चालतात, येवल्यात पैठणी विणली जाते. अशा जिल्ह्यातील वाचकांनी तर त्यांच्या चरित्राची ही बाजू अवश्य जाणून घ्यावी.

त्यांचे नाव नुअमान, वडिलांचे नाव साबित. हिजरी सन ८० (इ.स. ६९९) मध्ये इराकमधील कूफा शहरात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे इराणी वंशाचे. खज्ज नावाच्या रेशमी कापडाचा त्यांचा व्यवसाय होता. तरुणपणी एकदा बाजाराकडे निघाले असता इमाम शअबी (रह.) यांनी त्यांना थांबवले आणि ते कोणत्या आलिमांकडे जातात, अशी विचारणा केली. आपले येणे-जाणे बहुधा बाजारातच असते, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. त्यांच्या ठायी असलेली बुद्धीची चमक ओळखून शअबींनी त्यांना इल्मकडे वळण्याचा सल्ला दिला. तो त्यांच्या मनात रुजला. पुढे हम्माद बिन अबू सुलैमान (रह.) यांच्या सहवासात त्यांनी १८ वर्षे ज्ञान संपादन केले आणि हिजरी १२० मध्ये उस्तादांचे निधन झाल्यावर त्यांची जागा घेतली. दुकान मात्र त्यांनी मोडले नाही. त्याच्या उत्पन्नातून ते गरजू विद्यार्थ्यांना सांभाळत, इमाम अबू यूसुफ (रह.) हे त्यांपैकीच एक.

आता त्यांच्या दुकानात थोडे डोकावू या. चरित्रकार सांगतात की एक स्त्री रेशमी वस्त्र विकण्यास आली आणि तिने १०० दिरहम किंमत सांगितली. इमाम साहेबांनी तिला वस्त्र त्याहून मोलाचे असल्याचे सांगितले. ती शंभराने वाढवत ४०० वर पोहोचली, तरी त्यांचे म्हणणे तेच. ही आपली थट्टा चालली आहे, असे तिला वाटले. तेव्हा त्यांनी किंमत ठरवण्यासाठी दुसऱ्या माणसास आणवले आणि अखेर ते वस्त्र ५०० दिरहमांना विकत घेतले गेले. विचार करा, त्यांना केवळ गप्प राहायचे होते. तेवढ्याने ४०० दिरहमांचा लाभ झाला असता. परंतु समोरच्याच्या अज्ञानावर मिळवलेला नफा त्यांना नको होता.

याहून मोठा धडा दुसऱ्या प्रसंगात आहे. हफ्स बिन अब्दुर्रहमान हे त्यांचे भागीदार. इमाम साहेबांनी त्यांच्याकडे विक्रीसाठी माल पाठवला आणि त्यातील एका वस्त्रात दोष आहे, तो गिऱ्हाइकास दाखवूनच विकावे, असे बजावले. हफ्स यांनी सारा माल विकला. दोष सांगण्याचे मात्र विसरले. ते वस्त्र कोणी नेले, हेही त्यांना आठवेना. इमाम साहेबांस हे कळले तेव्हा त्यांनी त्या संपूर्ण मालाची किंमत सदका करून टाकली.

वाचकहो, या प्रसंगात कोणाचीही नियत वाईट नव्हती. एकाने स्पष्ट सूचना दिली होती, दुसऱ्याने ती ऐकली होती. तरीही ज्याच्या हक्कासाठी सूचना होती, त्या गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत ती गेली नाही. इमाम साहेबांनी आपण सांगितले होते, एवढ्यावर स्वतःस मोकळे मानले नाही. निरोप देणे वेगळे आणि निरोप पोहोचणे वेगळे, याची किंमत त्यांनी आपल्या खिशातून मोजली.

ही दृष्टी त्यांच्या फिकहमध्येही दिसते. आगाऊ रक्कम देऊन माल पुढे घ्यायचा, या सौद्यास सलम म्हणतात. त्यात सात गोष्टी निश्चित हव्यात, असे त्यांचे मत आहे : मालाचा जिन्नस, प्रकार, प्रत, माप, मुदत, दिलेली रक्कम आणि ज्या मालास वाहतूक लागते तो पोहोचवण्याचे ठिकाण. शेवटच्या दोन गोष्टी स्वतंत्रपणे ठरवण्याची गरज त्यांच्या दोन थोर शिष्यांना, अबू यूसुफ व मुहम्मद (रह.) यांना, वाटली नाही. बाजारात वावरलेल्या उस्तादांनी मात्र त्याही आवश्यक मानल्या.

आपल्या व्यवहाराकडे पाहा. जुम्याच्या नमाजनंतर लोक जे तंटे घेऊन आमच्याकडे येतात, त्यांतील कित्येकांत लबाड कोणीच नसतो. माल नेहमीचाच द्या, पैसे लवकर देतो, एवढ्यावर फोनवर सौदा ठरलेला असतो. एकाचे लवकर म्हणजे आठ दिवस, दुसऱ्याचे दोन महिने. मग सख्खे भाऊ एकमेकांचा सलाम घेईनासे होतात. कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही शिकवण कुरआनने सूरह बकरामध्ये दिली आहे, ती अविश्वासापोटी नव्हे. नाती टिकावीत म्हणून.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे मालकाने सांगितले. भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. लासलगावच्या बाजारात कांद्याचे वाहन उभे करणाऱ्यास हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

इमाम साहेबांचा हा स्पष्टपणा दुकानापुरता नव्हता. खलीफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद त्यांनी उघडपणे नाकारले, त्यापायी तुरुंगवास सोसला आणि हिजरी १५० (इ.स. ७६७) मध्ये बगदादेत ते अल्लाहला प्यारे झाले.

आज दुकान उघडताना, गाडी भरताना, फोनवर भाव ठरवताना स्वतःस एवढेच विचारा : जे समोरच्याला कळायला हवे, ते त्याला खरोखर कळले आहे काय? अल्लाह आपल्या जिभेला सचोटी आणि आपल्या रोजीला बरकत देवो. आमीन.