स्टेडियममध्ये फुल रेंज असूनही फोन का लागत नाही? याचं गणित मांडणारा माणूस १९२९ सालीच गेलाय

तारीख २ नोव्हेंबर २०२५. ठिकाण नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम.

पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली होती. रात्री बाराच्या सुमारास हरमनप्रीत कौरनं शेवटचा झेल घेतला आणि भारताच्या महिला टीमनं दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून पहिल्यांदा वर्ल्डकप जिंकला.

आता अशा क्षणी स्टेडियममध्ये बसलेला माणूस काय करतो? खिशातून मोबाईल काढतो. कुणी घरी व्हिडीओ कॉल लावतो, कुणी स्टोरी टाकतो, कुणी गर्दीत हरवलेल्या मित्राला फोन लावतो.

मॅच असो नाहीतर जानेवारी २०२५ मध्ये इथंच झालेले कोल्डप्लेचे शो, मोठ्या गर्दीत जाऊन आलेल्या माणसाला एक अनुभव ओळखीचा असतो. मोबाईलवर सगळ्या दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही. मेसेजवर घड्याळाची खूण तशीच राहते. बिल टॉवरच्या नावानं फाडलं जातं.

पण टॉवर बहुतेक वेळा धडधाकट असतो. खरी अडचण गणिताची असते. आणि हे गणित मोबाईल जन्माला यायच्या कितीतरी आधी, डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरच्या पोरानं कागदावर मांडून ठेवलं होतं.

त्याचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

उलटं पुस्तक वाचणारं पोरगं

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा. गाव लोनबोर्ग, डेन्मार्कच्या जटलंड भागातलं छोटंसं खेडं. वडील हान्स गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चचं कामही बघायचे. आई माग्डालेना क्रारुप घराण्यातली. या घराण्याचं नातं थॉमस फिंके या जुन्या गणितज्ञाशी जोडलं जातं. शाळेत त्रिकोणमितीच्या तासाला जो टॅन्जंट शब्द आपल्या मागे लागतो, तो १५८३ मध्ये या फिंकेनंच आणला. म्हणजे गणित आईकडून रक्तातच होतं.

आग्नरचा थोरला भाऊ फ्रेडरिक. संध्याकाळी दोघं एकाच पुस्तकावर बसायचे. फ्रेडरिक पुस्तक सरळ धरून वाचायचा आणि आग्नर समोर बसायचा. त्यामुळे आग्नरच्या वाट्याला अक्षरं उलटी यायची. त्यानं तक्रार केली नाही, उलटंच वाचायला शिकला.

दुसरा नाद आकाशाचा. तारे, ग्रह यावर हाताला लागेल ते तो वाचून काढायचा.

वयाच्या १४ व्या वर्षी तो कोपनहेगनला विद्यापीठाची पूर्वपरीक्षा द्यायला गेला. वय बसत नव्हतं म्हणून खास परवानगी काढावी लागली. गडी नुसता पास झाला नाही, चांगल्या मार्कांनी पास झाला.

पुढं लगेच कॉलेज असं काही झालं नाही. तो गावी परतला आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवू लागला. सोबत फ्रेंच आणि लॅटिन शिकला. १८९६ मध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन तो पदवीधर झाला. जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र होतंच.

त्यानंतरची सात वर्षं तो शाळांमधून शिकवत राहिला. गणिताचा अभ्यास मात्र सोडला नाही. विद्यापीठानं ठेवलेल्या निबंध स्पर्धेत १९०४ मध्ये त्याच्या निबंधाची दखल घेतली गेली.

टेलिफोन कंपनीला गणितज्ञ कशाला लागतो?

एर्लांग डेन्मार्कच्या गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना जायचा. तिथं त्याची ओळख योहान येन्सेनशी झाली. येन्सेन हा हौसेनं गणित करणारा माणूस. आज गणिताच्या पुस्तकात येन्सेनची असमानता म्हणून जे येतं ते याचंच. पण पोटापाण्याला तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होता.

येन्सेननं एर्लांगची गाठ कंपनीचे प्रमुख योहानसेन यांच्याशी घालून दिली. योहानसेन यांच्यापुढं एक भलतंच व्यवहारी कोडं होतं.

त्या काळी नंबर डायल करायची सोय सगळीकडे नव्हती. फोन उचलला की एक्स्चेंजमध्ये बसलेली ऑपरेटर बोलायची आणि हातानं वायर खुपसून दोन माणसं जोडून द्यायची. आता एका एक्स्चेंजमधून दुसऱ्या एक्स्चेंजला किती लाईन टाकायच्या? ऑपरेटर किती बसवायच्या?

प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी लाईन ठेवली तर कंपनी बुडणार, कारण सगळे एकाच वेळी बोलत नसतात. कमी ठेवल्या तर लोकांचे फोन लागणार नाहीत आणि लोक शिव्या घालणार. मधला आकडा कोणता, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. सगळा कारभार अंदाजावर चालला होता.

१९०८ मध्ये एर्लांग कंपनीत लागला. वय ३० वर्षं.

प्रयोगशाळा त्याच्या हाताखाली दिली, पण सुरुवातीला मदतीला माणसं जवळपास नव्हतीच. टेलिफोनच्या केबलला जमिनीतल्या भटक्या विजेमुळे धोका पोचायचा. ती वीज मोजायला हा माणूस स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरायचा. मागून एक कामगार खांद्यावर शिडी घेऊन यायचा. शिडी लावायची, रस्त्यातल्या चेंबरमध्ये उतरायचं, मोजमाप घ्यायचं आणि पुढच्या चेंबरकडे निघायचं. शहराला हा गणितज्ञ असा माहीत होता.

१९०९ आणि १९१७

१९०९ मध्ये एर्लांगचा पहिला मोठा लेख आला. त्यात त्यानं दाखवलं की एक माणूस कधी फोन करेल हे सांगता येत नाही, पण हजारो माणसं एकमेकांना न विचारता फोन करत असतील तर त्या सगळ्यांच्या फोनला एक शिस्त असते. दहा मिनिटांत साधारण किती फोन येतील आणि अचानक दुप्पट यायची शक्यता किती, हे मोजता येतं.

१९१७ मध्ये त्यानं पुढचा पल्ला गाठला. दोन वेगवेगळ्या परिस्थितींची सूत्रं त्यानं दिली.

पहिली परिस्थिती म्हणजे सगळ्या लाईन भरल्या असतील तर नवा फोन सरळ नाकारला जातो. एंगेज टोन ऐकायचा आणि गप बसायचं. दुसरी म्हणजे फोन नाकारायचा नाही, रांगेत ठेवायचा. आज कस्टमर केअरला फोन लावल्यावर जे संगीत ऐकत बसावं लागतं, ते हेच.

यातलं मोजमापही सोपं आहे. एक लाईन तासभर सतत व्यापलेली असेल तर त्या कामाला म्हणतात १ एर्लांग. एकच माणूस तासभर बोलला काय किंवा २० माणसं तीन तीन मिनिटं बोलली काय, हिशोब तोच.

आता त्याच्या सूत्रातली गंमत बघा. शंभरात एकच फोन नाकारला जावा असं ठरवलं, तर १० लाईनवर जेमतेम साडेचार एर्लांग काम चालवता येतं. मग १०० लाईनवर किती? कुणीही म्हणेल ४५. पण उत्तर येतं ८४ च्या आसपास. लाईन एकत्र ठेवल्या की एक रिकामी असताना दुसरीकडे अडून बसायची वेळ कमी येते, म्हणून तेवढ्याच पैशात जास्त लोकांची सोय होते.

हे सूत्र ब्रिटनच्या पोस्ट खात्यानं उचललं. अमेरिकेत त्याचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून बेल लॅबमधला एक संशोधक डॅनिश भाषा शिकला असं सांगतात.

थोडक्यात, एर्लांगनं टेलिफोनच्या धंद्याला एक कबुली द्यायला लावली. काही लोकांचे फोन अडणारच. प्रश्न फक्त किती अडू द्यायचे हा आहे. भारतात ट्रायच्या २००९ च्या नियमांमध्येही हेच होतं. बोलायला चॅनल न मिळाल्यानं कॉल अडण्याचं प्रमाण शंभरात २ च्या आत ठेवा, असं कंपन्यांना बंधन घातलं होतं.

मग स्टेडियममध्ये गणित कुठं फसतं?

एर्लांगचं गणित एका गोष्टीवर उभं आहे. फोन करणारी माणसं एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. नेरूळमध्ये रोज हेच घडतं. सीवूड्सच्या काकू आणि जुईनगरचा दुकानदार आपापल्या वेळेला फोन करतात.

आता ४५,००० माणसं एका स्टेडियममध्ये बसवा. समजा साध्या तासात दहातला एक जण दोन मिनिटं बोलला, तर ४,५०० गुणिले २ म्हणजे ९,००० मिनिटं. तासाला ६० नं भागा. झाले १५० एर्लांग.

आता शेवटची विकेट पडली. सगळ्यांनी पुढच्या दहा मिनिटांत एकेक मिनिटाचा फोन लावला. ४५,००० मिनिटं, दहा मिनिटांत. म्हणजे ४,५०० एर्लांग. माणसं तीच, जागा तीच, आणि मागणी तीसपट.

एका विकेटनं सगळ्यांचं बोट एकाच क्षणी बटणावर नेलं. माणसं एकमेकांना विचारत नाहीत, पण मैदान सगळ्यांना एकदम इशारा देतं.

वर आता नुसते फोन नाहीत, व्हिडीओ आहेत. नेटवर्कची रचना लोक बघतील जास्त आणि पाठवतील कमी, या हिशोबानं केलेली असते. स्टेडियममध्ये उलटं होतं. प्रत्येक जण पाठवायला बसलेला असतो.

आणि फुल दांड्यांचं काय? दांड्या एवढंच सांगतात की तुमच्या मोबाईलला टॉवर नीट ऐकू येतोय. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे का, हे त्या सांगत नाहीत. सकाळी पावणेनऊला लोकल समोर येऊन उभी असते, पण डब्यात पाय ठेवायला जागा नसते. तसंच.

म्हणून मोठ्या स्टेडियममध्ये एका उंच टॉवरवर भागत नाही. छपराखाली, खांबांवर, कधी खुर्च्यांखाली छोटे अँटेना लावतात. एकेका अँटेनाकडे काहीशे खुर्च्या दिल्या की तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरता येते. मोठ्या कार्यक्रमाला ट्रकवर बसवलेले फिरते टॉवरही आणतात. पण वर्षातल्या मोजक्या रात्रींसाठी किती खर्च करायचा, हा योहानसेन यांचाच जुना प्रश्न कंपन्यांपुढं पुन्हा उभा राहतो.

हा प्रश्न नुसता स्टोरी अपलोड होण्याचा नाही. गर्दीत लेकरू हरवलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हाही हेच नेटवर्क असतं. म्हणून आत जायच्या आधीच भेटायची जागा ठरवणं, लहान मुलांच्या खिशात नंबर लिहून ठेवणं आणि फोन लागत नसेल तर छोटा लेखी मेसेज टाकणं, हे शहाणपणाचं.

दारातून कुणाला परत न पाठवणारा

एर्लांगनं लग्न केलं नाही. काम, पुस्तकं आणि अभ्यास यातच तो रमला. गणित, खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्यानं जमवला होता. माणूस अबोल, एकटा राहणारा.

पण गरजू लोकांना त्याचा पत्ता बरोबर माहीत होता. मदत मागायला लोक थेट त्याच्या प्रयोगशाळेत यायचे आणि तो गाजावाजा न करता हातावर पैसे ठेवायचा. बहीण इंगेबोर्ग मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवायची, तिच्या मार्फतही तो मदत करायचा. किती लोकांना नाही म्हणावं लागेल याचं सूत्र काढणारा हा माणूस स्वतःच्या दारात आलेल्याला मात्र नाही म्हणत नव्हता.

कंपनीत त्यानं जवळपास २० वर्षं काढली आणि तेवढ्या काळात आजारपणाची रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या दुखण्यानं पहिल्यांदा दवाखान्यात जावं लागलं. ऑपरेशन झालं. काही दिवसांनी, ३ फेब्रुवारी १९२९ च्या रविवारी तो गेला. वय होतं ५१.

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीनं वाहतूक मोजायच्या एककाला अधिकृतपणे एर्लांग हे नाव दिलं.

गोष्ट इथं संपत नाही. १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनं टेलिफोन एक्स्चेंज चालवायला एक नवी प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. एकाच वेळी प्रचंड कॉल हाताळायचे आणि एक बिघडला तरी बाकीचे चालू ठेवायचे, हे तिचं काम. तिचं नाव ठेवलं एर्लांग. पुढं व्हॉट्सॲपनं आपले सर्व्हर याच भाषेत बांधले. २०१२ मध्ये व्हॉट्सॲपनं एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त कनेक्शन धरून दाखवली.

म्हणजे पुढच्या वेळी नेरूळला मॅच बघताना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकाल आणि तो घड्याळाच्या खुणेवर अडकून बसेल, तेव्हा तो अडला का याचं गणितही एर्लांगचं असेल, आणि नेटवर्क मोकळं झाल्यावर तो पोचवणाऱ्या भाषेचं नावही एर्लांगच.